कॅबिनेट बदललं, कार्ड तेच आहे

हे मनन बंद संगणकासमोर बसून करायचं आहे. जुनं कॅबिनेट बाजूला ठेवलंय, मदरबोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये बसलाय, पंखे फिरतात, मॉनिटरवर चित्र येतं आणि वायफाय मात्र येत नाही. कधी यादीत एकही नेटवर्क दिसत नाही, कधी दिसतं पण एका दांडीवर तग धरून लगेच तुटतं. अशा वेळी हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. तो हात आधी मांडीवर ठेवा. संगणक बंद करा. श्वास त्याच्या गतीने येऊ-जाऊ द्या. घाई कशाची आहे तेही एकदा नीट बघून घ्या. कुणाचा फॉर्म भरायचा राहिलाय, मुलांचा अभ्यास अडलाय, पाहुण्यांचं बुकिंग पक्कं करायचंय. ही घाई खोटी नाही. पण पुढची काही मिनिटं तिच्या हातात कारभार द्यायचा नाही, एवढं मनाशी ठरवा.

हे लिहिताना डोळ्यांसमोर फर्दापूर आहे. अजिंठ्याचा घाट उतरलं की लागणारं, लेण्यांपासून चार-पाच किलोमीटरवरचं गाव. इथून सुटा भाग आणायचा तर खाली पहूरवरून जळगाव गाठायचं, साठेक किलोमीटर. नाहीतर घाट चढून सिल्लोडमार्गे संभाजीनगर, शंभरेक किलोमीटर. शहरात शंका आली की माणूस दुकानात जाऊन नवं कार्ड आणतो. इथे शंकेसाठी अख्खा दिवस मोडतो. म्हणून आधी विचार करणं भाग पडतं, आणि हे भाग पडणं मला मोलाचं वाटतं. चांगलं चालणारं कार्ड केवळ न समजल्यामुळे भंगारात जाऊ नये, या एका इच्छेने हे सगळं सांगतो आहे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९१०च्या सुमारास, याच फर्दापूरला काही चित्रकारांचा तळ पडला होता. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्याबरोबर लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला ते आले होते. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तेव्हाचे तरुण त्यांच्यात होते. नक्कल करणाऱ्याला कुंचला उचलण्याआधी खूप वेळ नुसतं बघावं लागतं. पुसट भिंतीवर मूळ रेघ कुठे संपते आणि ओलीचा डाग कुठे सुरू होतो, हे ओळखल्याशिवाय हात चालवता येत नाही. आपलं काम त्यांच्या कामापुढे लहान आहे, पण सुरुवात तीच आहे. आधी बघायचं.

काय बदललं

डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, जसं सोयीचं असेल तसं. मनात दोन याद्या करा आणि सावकाश करा.

पहिली यादी, जे बदललं नाही त्याची. कार्ड तेच आहे. मदरबोर्ड तोच आहे. विंडोज तीच आहे आणि तिच्यातला ड्रायव्हरही तोच. राउटर होता तिथेच आहे. पासवर्ड तोच आहे. प्रत्येक नाव घेताना क्षणभर थांबा. या यादीतल्या एखाद्या गोष्टीवर तुम्ही आल्या आल्या संशय घेतला होता का? बहुतेकांनी घेतलेला असतो. कार्ड गेलं, विंडोज बिघडली, राउटरमध्येच काहीतरी लोचा आहे, असं आपण पटकन बोलून जातो.

आता दुसरी यादी, जे बदललं त्याची. कार्डाभोवतीचा पत्रा बदलला. कार्ड ज्या मागच्या पट्टीला स्क्रूने धरलं जातं ती पट्टी बदलली. मदरबोर्डखालचे पितळी खांब नवे आहेत. ज्या तारा काढल्या होत्या त्या पुन्हा लावल्या, किंवा लावायच्या राहिल्या. अँटेना काढून ठेवला होता. कदाचित कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं. कॅबिनेट मोठं आहे म्हणून ते टेबलाखाली सरकलं किंवा भिंतीला टेकलं.

दोन्ही याद्या शेजारी-शेजारी धरा. काल चालणारी वस्तू आज चालत नाही, तर कारण बहुतेक वेळा दुसऱ्या यादीत सापडतं. कार्ड काढता-घालताना खरोखर बिघडू शकतं, हे नाकारायचं नाही. पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा, बाकीचं सगळं तपासून झाल्यावर.

इथे थोडं थांबा. तिसरं काही आठवतंय का बघा. एखादा स्क्रू उरला होता का? एखादी तार कुठे जाते ते न कळल्यामुळे नुसती गुंडाळून ठेवली होती का? आठवलं तर कागदावर लिहा. अजून उठायचं नाही.

दिसतंय का, ऐकतंय का

आता संगणक सुरू करा, पण फक्त एका प्रश्नासाठी. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टरच्या यादीत वायफाय कार्डाचं नाव आहे का ते बघा. एवढंच बघायचं, काही दाबायचं नाही.

नाव आहे आणि त्यावर पिवळी खूण नाही, तर कार्ड आणि मदरबोर्ड एकमेकांशी बोलत आहेत. स्लॉट ठीक, बैठक ठीक, ड्रायव्हर ठीक. मग दोष बहुधा बाहेरच्या बाजूला आहे. अँटेना, जागा आणि मधल्या भिंती बघायच्या. नावच नाही, तर कार्ड बाहेरचं ऐकतंय की नाही हा प्रश्न पुढचा. आधी ते मदरबोर्डला दिसलं पाहिजे. मग बैठक, स्लॉट आणि बायोसमध्ये ते बंद तर नाही ना, हे बघायचं. नाव आहे पण पिवळी खूण आहे, तर कार्ड दिसतंय आणि पुढे अडलंय; तेव्हा बैठकीबरोबर ड्रायव्हरही तपासायचा.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ ओसरतो. कार्ड दिसत नसताना अँटेना फिरवत बसणं आणि अँटेना नसताना ड्रायव्हर चारदा टाकणं, दोन्हींत दुपार जाते.

ब्लूटूथचा हिशेब वेगळा धरा. मोठ्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या वायफाय कार्डातलं ब्लूटूथ त्या स्लॉटमधून चालत नाही. त्याच्यासाठी कार्डातून एक बारीक तार निघते आणि मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या जोडणीत जाते. तिथे नऊ पिना असतात, दहावी जागा रिकामी असते. कॅबिनेट बदलताना राहून जाते ती बहुतेक हीच तार, कारण ती नसतानाही वायफाय चालतं आणि काही चुकलंय असं वाटत नाही. वायफाय आहे, ब्लूटूथ गायब, असं असेल तर सगळ्यात आधी ही तार शोधा. मदरबोर्डवरच आडवं बसणारं छोटं कार्ड असेल तर ही वेगळी तार नसते.

उत्तर मिळालं? दिसतंय किंवा दिसत नाही, एवढं एक वाक्य कागदावर लिहा. मग संगणक पूर्ण बंद करा.

हात आत जातो तेव्हा

मागची वायर काढा. सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते. आपल्याला ती जाणवतही नाही, पण चिपला इजा करायला पुरते. म्हणून आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. हा स्पर्श सावकाश करा. या क्षणापासून तुमचा वेग कमी झाला पाहिजे.

बाजूचं झाकण काढा. मोबाईलचा टॉर्च लावा आणि डोळे कार्डाच्या पातळीवर आणा. वरून बघू नका, बाजूने बघा. कार्डाची खालची सोनेरी कड स्लॉटमध्ये गेलेली असते. ती सगळीकडे सारखी आत गेली आहे का? मागच्या पट्टीकडून आतल्या टोकापर्यंत नजर हळू न्या. पुष्कळदा पट्टीकडचं टोक घट्ट बसलेलं असतं आणि आतलं टोक किंचित उचललेलं असतं. हा फरक एका मिलिमीटरचाही नसतो. वरून तो दिसत नाही, बाजूने दिसतो.

असं का होतं ते समजून घ्या. जुन्या कॅबिनेटमध्ये कार्डाची पट्टी आणि मागचा पत्रा एका रेषेत होते. नव्यात पत्रा थोडा पुढे-मागे आहे. तुम्ही कार्ड सरळ दाबून बसवलंत, ते बसलं. मग स्क्रू आवळलात. स्क्रूने पट्टी पत्र्याकडे ओढली आणि त्या ओढीने कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून वर आलं. शेवटी घट्ट बसवण्यासाठी मारलेल्या स्क्रूनेच बैठक सुटली.

उपाय मोठा नाही. स्क्रू सैल करा. दोन्ही अंगठ्यांनी कार्ड सरळ खाली दाबा. बाजूने बघा. स्क्रू हलक्या हाताने आवळा. पुन्हा बाजूने बघा. टोक पुन्हा उचलतंय असं दिसलं तर जोर लावू नका. मदरबोर्ड सगळ्या पितळी खांबांवर नीट टेकलाय का, आणि मागच्या पोर्टभोवतीची चौकट सरळ बसली आहे का, ते बघा. कार्डाची बैठक मदरबोर्डच्या बैठकीवर अवलंबून असते.

छोटं कार्ड असेल तर अँटेनाच्या दोन बारीक तारा त्याच्यावर टिचकीसारख्या बसतात. त्यांची गोल टोकं दोन-तीन मिलिमीटरची असतात. टोक बरोबर मध्यावर ठेवायचं, तिरकं नाही, आणि नखाने नाही तर बोटाच्या पोटाने सरळ दाबायचं. बसलं की बारीकशी टक जाणवते. ही जोडणी वरचेवर काढ-घाल करायला बनवलेली नाही. तिचं आयुष्य तीसेक वेळा काढण्या-घालण्याचं धरतात. म्हणून शंका आली की लगेच उपटू नका. आधी टॉर्चच्या उजेडात बघा, मग ठरवा.

लोखंडाची खोली

आता कल्पनेने कार्डाच्या जागी जा.

वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब असते. ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटीमीटर. तुमचं नवं कॅबिनेट हवा खेळती राहावी म्हणून पुढून जाळीचं आहे. मे महिन्यात फर्दापूरचं ऊन ज्याने काढलंय त्याला या जाळीचं महत्त्व सांगायला नको. हवा तिच्यातून आरपार जाते. उजेड जातो, धूळही जाते. पण दोन-तीन मिलिमीटरच्या भोकांतून साडेबारा सेंटीमीटरची लहर जात नाही. तिच्यासाठी ती जाळी जवळजवळ सलग पत्र्यासारखीच असते.

हीच गोष्ट पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला फार मोठ्या आकारात बघायला मिळते. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सलग पत्र्याच्या नाहीत, बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची आणि टिपायच्या लहरी २१ सेंटीमीटरपासून पुढे, मीटर-दोन मीटरपर्यंतच्या. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे तबकडी हलकी ठेवता येते. आणि आकाशातून आलेली क्षीण लहर त्याच जाळीवर आपटून मध्यावर गोळा होते. खोडदच्या जाळीचा हा गुण आपल्या कॅबिनेटमध्ये अडथळा होतो.

म्हणूनच अँटेना बाहेर हवा. मागच्या पितळी टोकांवर तो फिरवून बसवायचा, बोटांनी घट्ट होईल इतका, पकडीने नाही. अँटेना न लावताही कार्ड राउटरजवळ असेल तर एखादी दांडी दाखवतं, आणि त्यामुळेच फसगत होते. माणूस म्हणतो कार्ड कमजोर आहे. कार्ड कमजोर नसतं, लोखंडाच्या खोलीत बंद असतं.

इथे जास्त वेळ थांबा. आपल्या डोळ्यांना जे मोकळं दिसतं ते दुसऱ्याच्या मापाने बंद असू शकतं, या एका गोष्टीवर मन ठेवा. फर्दापूरहून शिकायला संभाजीनगरला गेलेलं पोर पहिले काही आठवडे फोनवर धड बोलत नाही. खोली आहे, मेस आहे, कॉलेज जवळ आहे. आपल्याला सगळं उघडं दिसतं, म्हणून आपण म्हणतो की पोरगं बदललं. इथे त्याचे कोण कोण होते आणि तिथे अजून कोण नाही, हे आपण मोजत नाही. त्याच्या जागी बसून बघितलं की कळतं, पोर तेच आहे. त्याला बाहेरचं ऐकू येईल अशी वाट अजून सापडलेली नाही. असं एखादं माणूस आठवत असेल तर थोडा वेळ त्याला मनात राहू द्या.

मग परत टेबलाकडे या. कॅबिनेटची पाठ कुठे आहे ते बघा. पाठ भिंतीला चिकटली असेल तर अँटेना पत्रा आणि भिंत यांच्या मध्ये अडकलाय. शेजारी लोखंडी कपाट आहे का? राउटर पुढच्या खोलीत आणि मध्ये जुनी दगडी भिंत आहे का? कॅबिनेट दोन हात पुढे ओढा, अँटेना उभे करा. अँटेनाशेजारच्याच यूएसबी ३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल तर ती दुसरीकडे लावा, कारण त्या जोडणीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो. नंतर मोबाईल अँटेनाशेजारी धरून बघा. तिथे मोबाईलला पूर्ण रेंज आहे आणि संगणकाला नाही, तर जागा निर्दोष ठरली आणि शोध पुन्हा कॅबिनेटमध्ये आला. मोबाईललाही रेंज नसेल तर कॅबिनेटला दोष देणं थांबवा.

परत फिरता येईल असा उपाय

लेण्यांचीच एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. भिंतीवरचे रंग सुटू लागले होते, म्हणून निजाम सरकारने १९२० साली इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या जाणकारांना बोलावलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा जागच्या जागी धरून ठेवला, हे त्यांचं मोठं काम. पण रंगांवर दिलेला लाखेचा थर काळाबरोबर पिवळा पडला, काळवंडला, आणि तो उतरवायला पुढच्या पिढ्यांतल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. चित्र जपणारे आज शक्यतो तोच उपाय निवडतात जो पुढे उलटवता येईल.

आपणही हा नियम धरू. पूर्ण बंद करून सुरू करणं उलटवता येतं. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे ती खरोखर बंद होते. एरवी लवकर सुरू होण्यासाठी ती आपली थोडी अवस्था साठवून ठेवते आणि जुनाच अडथळा पुन्हा समोर येतो. अँटेना काढून लावणं, कार्ड उचलून पुन्हा बसवणं, दुसरा स्लॉट वापरून बघणं, हे सगळं उलटवता येतं. त्यानंतर ड्रायव्हर. बायोस अपडेट आणि विंडोज नव्याने टाकणं अगदी शेवटी. या दुखण्यात तिथवर जायची वेळ बहुधा येत नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एक बदल, मग तपासणी, तीही तशीच, त्याच जागी, त्याच नेटवर्कवर. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट आलं तर आनंद होईल, पण कारण कळणार नाही. आणि कारण कळलं नाही तर पुढच्या महिन्यात तोच प्रश्न नवा होऊन उभा राहील. मधल्या काळात कुणाचं काम अडू देऊ नका. मोबाईल यूएसबीच्या वायरने जोडून त्याचं नेट संगणकाला देता येतं. अडलेला फॉर्म त्याच्यावर भरा. डोक्यावरचं ओझं उतरलं की बघणं अधिक नीट होतं.

एवढं सगळं करूनही कार्ड दिसलं नाही, तर ते ओळखीच्या कुणाच्या संगणकात बसवून बघा. तिथेही गप्प राहिलं, तर कार्ड गेलं. हे वाक्य आता तुम्ही खात्रीने म्हणू शकता. मग जळगावच्या एसटीत बसताना मनात शंका राहणार नाही आणि पैसेही वाया जाणार नाहीत.

कारण लिहून ठेवा

नेट आलं की माणूस लगेच कामाला लागतो. तसं करू नका. झाकण अजून उघडं आहे, तोवर शेवटचं एक काम करा. कागदाची पट्टी घ्या आणि कारण लिहा. कार्ड स्क्रूच्या ओढीने उचललं होतं. ब्लूटूथची तार राहिली होती. अँटेना भिंतीला टेकला होता. जे असेल ते, साध्या शब्दांत, तारखेसह. ती झाकणाच्या आतून चिकटवा. पुढचं झाकण कदाचित तुम्ही उघडणार नाही. पुतण्या उघडेल, शेजारचा मुलगा उघडेल, सेवा केंद्रात नव्याने लागलेली मुलगी उघडेल. तिला तुमचं नाव माहीत असण्याची गरज नाही, तुम्हाला सापडलेलं कारण तिला मिळालं म्हणजे पुरे.

आता उठण्याआधी एक ठरवून ठेवा. पुढच्या वेळी काही हलवल्यावर ते चालेनासं झालं, मग ते यंत्र असो किंवा घरातलं माणूस, तर ते बिघडलं असं म्हणण्याआधी हलवताना त्याचं काय काय सुटलं ते एकेक करून बघेन. बघून झाल्याशिवाय टाकून देणार नाही.